तुमच्या ओळखीचा ‘पायलट’ कोणता?

नमस्कार मंडळी,

गोव्यात पायलट म्हणजे आधी मोटरसायकलवाला. पिवळं मडगार्ड, पिवळी नंबरप्लेट, स्टँडवर ओळीने लावलेल्या गाड्या आणि आपण बसमधून उतरतो न उतरतो तोच “खंय वता?” अशी हाक. ॲपवरच्या बाइक टॅक्सी शहरोशहरी निघाल्या त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे हे चालू आहे. बाहेरगावचे पाहुणे मात्र पायलट म्हटलं की आभाळाकडे बघतात.

खरं तर इंग्रजीत हे नाम मुळात पाण्यावरचं. सोळाव्या शतकात ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं तेव्हा पायलट म्हणजे सुकाणू धरणारा, बंदराची वाट ठाऊक असलेला माणूस. विमान चालवणारा पायलट विसाव्या शतकातला. त्यामुळे आपले स्टँडवरचे पायलट हे नाव पूर्ण हक्काने लावतात असं माझं ठाम मत आहे. तुमच्या घरातला, कामातला पायलट कोणता ते सविस्तर लिहा. मंत्र्यांच्या ताफ्यापुढची पायलट गाडी आणि सरकारी पायलट प्रोजेक्ट सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडून लिहिलंत तर जास्त आवडेल.

म्हापशाची लेक

माझे बाबा म्हापशाच्या स्टँडवरचे पायलट. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी ‘पायलट’ असंच लिहिलं होतं. बाई गोव्याबाहेरच्या, नवीन. त्यांनी विचारलं, कुठल्या कंपनीच्या विमानावर? मी स्टँडचं नाव सांगितलं. त्यांनी माझा शब्द खोडला नाही, पुढे फक्त ‘मोटरसायकल’ एवढं जोडलं. त्या बाईंबद्दल मला अजून आदर आहे.

शुक्रवारच्या बाजाराला बाबांचं काम बघण्यासारखं असायचं. गिऱ्हाइकाची भाजीची पिशवी पुढे टाकीवर, सुक्या मासळीचं गाठोडं हँडलला, मागे बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या हातात मिटलेली छत्री, आणि गाडी इतकी सावकाश की तिला खांदा धरावा लागू नये. बार्देशातला वाडा न् वाडा त्यांना पाठ. “खुरसाकडून आत, फणसाकडचं घर” एवढ्यावर ते दारात नेऊन सोडत. मॅप नंतर आले, आणि ते अजूनही फणसापर्यंत पोचलेले नाहीत.

वास्कोकर

मी मुरगाव बंदरात पायलट बोटीवर होतो. धागाकर्त्यांनी म्हटलेला जुना अर्थ तिथे रोज कामाला असतो. बाहेर नांगरलेलं जहाज आत घ्यायचं तर कॅप्टन जगभर फिरलेला असला तरी बंदराचा पायलट लागतोच. इथला प्रवाह, गाळ, वारा त्याला माहीत.

सगळ्यात अवघड म्हणजे चढणं. जहाजाच्या कडेवरून दोरांची शिडी सोडलेली, पायऱ्या लाकडी. पाण्यापासून डेक नऊ मीटरपेक्षा उंच असेल तर नुसत्या शिडीवर भागत नाही, जहाजाचा तिरका जिना खाली आणून शिडीला जोडावा लागतो. बोट लाटेवर वरखाली होत असते. लाटेच्या माथ्यावर बोट असताना पाय शिडीवर टाकायचा, म्हणजे पुढच्या क्षणी बोट खाली जाते आणि माणूस मोकळा होतो. बोट खाली असताना पाय टाकला तर ती वर येताना पाय चिरडू शकते. पावसाळ्यात समुद्र उसळलेला असताना पायलट शिडीकडे हात नेतो तेव्हा बोटीवर कोणी बोलत नाही.

तो वर पोचला की जहाजावर अर्धा पांढरा, अर्धा तांबडा बावटा चढतो: पायलट जहाजावर आहे. रात्री आमच्या बोटीवर पांढरा दिवा वर, तांबडा खाली. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. वाट पायलट सांगतो, तरी जहाजाची जबाबदारी कॅप्टनचीच राहते.

इतिहासवाली

@वास्कोकर, तुमच्या शहराला ज्याचं नाव आहे त्यालाही पायलट लागला होता! वास्को द गामा १४९८ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून कालिकतला आला तो तिथून सोबत घेतलेल्या पायलटच्या भरवशावर. समुद्र ओलांडायची विद्या पायलटची, नाव शहराला लागलं दुसऱ्याचं. मला हे फार लागतं.

डिचोलीचा सुतार

आमच्याकडे पायलट होल. सागात एक वेळ चालून जातं, पण शिसवात थेट स्क्रू पिळला तर लाकूड फाटतं नाहीतर स्क्रू तुटतो. आधी स्क्रूहून बारीक भोक पाडायचं, मग स्क्रू त्याच वाटेने सरळ जातो.

कुळ्याहून

आमचे हे रेल्वेत. पूर्वी ड्रायव्हर म्हणत, आता लोको पायलट. कुळे ते कॅसलरॉक हा घाट म्हणजे सदतीस फुटांना एक फूट चढ. जड गाडीला पुढच्या इंजिनाने निभत नाही, मागून बँकर इंजिनं लावून ढकलावी लागते. लोकांना चढाचं कौतुक, पण हे सांगतात की खरी कसोटी उतरताना. गाडीचा वेग एकदा हातचा गेला की परत येत नाही, म्हणून घाट उतरण्याआधी ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलत नाही. प्रवासी दूधसागर दिसला की दारात गर्दी करतात. इंजिनात त्या वेळी पायलट आणि असिस्टंट पुढचा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगत असतात. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. ती सवय घरीही येते. मी “गॅस बंद केला” म्हटलं की हे आतून म्हणतात, “गॅस बंद.”

धागाकर्ता

कुळ्याच्या वहिनी, मनापासून आभार. म्हापशाच्या ताईंना एक विचारायचं आहे. भाड्याच्या स्कूटर घरोघरी झाल्यापासून स्टँडवर गाड्या किती उरल्या?

म्हापशाची लेक

पुष्कळ कमी. नवीन मुलं या धंद्यात येत नाहीत. बाबांचे जुने सोबती अजून उभे असतात, त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे हॉस्पिटलला जाणारी, गाडी न चालवणारी वयस्क माणसं. कृपा करून कधी तरी त्यांच्या गाडीवर बसा. भाडं आधी ठरवा, हेल्मेट मागून घ्या, आणि रस्ता त्यांना सांगत बसू नका.