शब्दचर्चा: दोघी आई असलेल्या घरात 'पालक' कोण?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): आमच्या शेजारी दोघीजणी जोडीदार म्हणून राहतात. एकीनं मुलगा दत्तक घेतलाय, वाढवतात दोघी. बालवाडीच्या अर्जात 'पालकाचे नाव' आणि 'पाल्याशी नाते' असे रकाने आहेत. दुसरीच्या नावापुढं काय लिहायचं यावर गाडी अडली. 'मावशी लिहून टाका' असं शाळेतून सुचवलं, ते तिच्या जिव्हारी लागलं. 'पालक' या शब्दात ती बसते का?

उत्तर (शिवाजी पेठ): ताई, बोलण्यात बसते, कागदावर नाही. 'पालकसभा' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढं आईवडीलच असतात. पण कायद्याच्या मराठीत पालक म्हणजे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा आणि त्याच्या मिळकतीचा सांभाळ करणारा, मग तो चुलता असो की कोर्टानं नेमलेला त्रयस्थ. सातबाऱ्यावर लहान मुलाच्या नावाखाली 'अ.पा.क.' असतं ना? अज्ञान पालन कर्ता. मूल अठरा वर्षांचं झालं की तो शेरा कमी करता येतो. आईचं नातं असं कमी होत नाही, ते वारसापर्यंत जातं. म्हणून एकीला आई आणि दुसरीला नुसतं पालक म्हणणं मला मान्य नाही.

अडचण कुठं आहे तेही सांगतो. २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणं जोडप्याला मूल द्यायचं तर किमान दोन वर्षांचा स्थिर विवाह लागतो, आणि दोघींचा विवाह कायदा मानत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ही अट तीन विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवली. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचं मत उलट होतं. त्यामुळं एकटी बाई म्हणून एकीनंच दत्तक घ्यायचं आणि दुसरीनं कागदोपत्री परकं राहायचं. दुसरी मृत्युपत्र न करता गेली तर तो मुलगा तिचा वारस ठरत नाही. दत्तक घेणारी आधी गेली, तर दुसरीला मुलाच्या ताब्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. दोघे पुरुष असतील तर वाट आणखी अरुंद: एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही, आणि २०२१ च्या कायद्यानं सरोगसीचं दारही बंद आहे.

कागल: दत्तकाला आपल्याकडं कुणी कमी लेखू नये. आमच्या कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. दत्तक घेणाऱ्या आनंदीबाई राणीसाहेब विधवा होत्या. आणि एका घरात दोन आई हेही नवं नाही. थोरली आई, धाकटी आई म्हणतच की आपण. कितीतरी घरांत पोरं सख्ख्या आईला 'वैनी' म्हणत मोठी झाली.

कसबा बावडा: पण थोरली-धाकटी आई ही लग्नानं जोडलेली नाती. इथं तसं नाही. दोघींनाही 'पालक'च म्हटलं तर वाद मिटेल.

शिवाजी पेठ: दोघींनाही एकच शब्द असेल तर माझी हरकत नाही. जून २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं एका ट्रान्सजेंडर जोडप्याच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर 'आई' आणि 'वडील' या रकान्यांऐवजी दोघांचीही नावं 'पालक' म्हणून घालायला सांगितलं. तिथं तो शब्द दोघांना सारखा लागू झाला. आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, अशी दाद मागायला मुंबई गाठायला नको.

अनेकवचनाचंही बघा. 'दोन आया' लिहिलं तर वाचणाऱ्याला मूल सांभाळायला ठेवलेल्या बाया वाटतील. 'दोघी आई' लिहावं, अर्थ निसटत नाही.

राजारामपुरी: मुलगा एकीला आई आणि दुसरीला आऊ म्हणतो. तेच लिहिलं तर?

शिवाजी पेठ: आऊ म्हणजे आईच. जिजाऊ, आऊसाहेब यांतला तोच शब्द. तरी अर्जात 'आई'च लिहा, म्हणजे पुढं कुणी अर्थ विचारणार नाही. शाळेच्या अर्जानं वारसा मिळत नाही, म्हणून दत्तक घेणारीच्या सहीचं एक पत्र सोबत जोडा: मुलाला न्यायला-आणायला आणि अडीअडचणीला निरोप द्यायला हिला अधिकार आहे. आणि दोघींचीही मृत्युपत्रं याच महिन्यात करून घ्या.