फॉर्मची तारीख पोरांनी शोधायची का कॉलेजनं पोचवायची?

जतचा मामा
माझी भाची सांगलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिचं यंदा काय झालं ते सांगतो. सप्टेंबरच्या शेवटी घरी द्राक्षाची छाटणी होती, छाटणीमागं लगेच पेस्ट लावायची असते, बायका मिळंनात म्हणून ती चार दिवस गावाकडं आली. नेमकी त्याच चार दिवसांत परीक्षेच्या फॉर्मची नोटीस आली. आली म्हणजे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला इंग्रजीतली तीन पानांची पीडीएफ पडली. त्यात भला मोठा तक्ता, विना लेट फी, लेट फी, सुपर लेट फी, जुन्या पॅटर्नच्या रिपीटरची, म्हणजे राहिलेल्या विषयांना परत बसणाऱ्यांची तारीख वेगळी, नवीन शैक्षणिक धोरणातल्या पोरांची वेगळी. मळ्यात रेंज येते ती फक्त विहिरीच्या कठड्यावर, तिथं उभं राहून पोरीनं वरची ओळ वाचली, तीच आपली तारीख धरली आणि ती निघाली रिपीटरची. सांगलीला परत गेली तोवर मुदत संपलेली, लेट फी भरून फॉर्म घातला.

ती म्हणती मामा चूक माझीच. मला काय ते पटत नाही. माझं म्हणणं एवढंच की तारीख पोरापर्यंत पोचवणं हे कॉलेजचं शिकवण्याइतकंच काम आहे. नोटीस मराठीत पाहिजे, एका पानात पाहिजे, वर्गवार पाहिजे आणि शेवटचे दोन दिवस उरले की ज्यांचा फॉर्म आला नाही त्यांना फोन गेला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

जुना हेडक्लार्क
मामा, राग मानू नका, ३१ वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढलीत म्हणून लिहितोय. तारखा आम्ही ठरवत नाही. आपल्या सांगली, सातारा, कोल्हापूरच्या बहुतेक कॉलेजना परिपत्रक येतं विद्यापीठातनं, ते आलं तसं लावावं लागतं. मराठी करताना एक तारीख चुकली तर जबाबदार कोण, तर तो क्लार्क. आणि फोनचं म्हणाल तर मी करून बघितलेत. निम्मे नंबर बंद, पोरं रिचार्ज संपला की सिम बदलतात, बापाला लावला तर ते म्हणणार पोराला सांगा, मला कशाला.

लेट फीला लोक दंड समजतात, पण फॉर्म किती आले त्यावर सगळी परीक्षा उभी असते. बैठक क्रमांक, हॉलतिकीट, कुठल्या सेंटरला किती पेपर पाठवायचे, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, सगळं त्या आकड्यावर. आणि मुदतवाढ दिली की पुढच्या वर्षी पोरं पहिल्या तारखेला हलतच नाहीत, मुदतवाढ मिळतीयच म्हणून बसून राहतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मिरज जंक्शन
मला एकच विचारायचंय. नवीन कोर्स काढला की कॉलेजवाले चौकाचौकात फ्लेक्स लावतात, रिक्षावर भोंगा फिरवतात, बारावीच्या पोरांचे नंबर मिळवून घरी फोन करतात. तेव्हा बरे सगळे नंबर लागतात? ॲडमिशन झाल्यावरच नंबर बंद कसे पडतात?

कराडकर सर
मी तासिका तत्त्वावर शिकवतो आणि माझं मत मामांच्या विरोधात आहे. मी पण शेतकऱ्याच्याच घरातला, घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच. आमच्या वडिलांनी एकच नियम घातलेला, बोर्ड वाचल्याशिवाय एसटीत बसायचं नाही. तीन वर्षं मी रोज बोर्ड वाचला, इंग्रजी कळलं नाही तर वहीत उतरवून सरांना विचारायचो, त्यातनंच माझं इंग्रजी सुधारलं. आज स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरायला, नोकरीची जाहिरात बघायला कोण फोन करणार आहे? विसाव्या वर्षी पोराला तारखेसाठी हाताला धरून आणायचं म्हटलं तर तो उभा कधी राहणार? मामा, तुमची भाची चूक माझीच म्हणाली ना, मला त्या पोरीचं कौतुक वाटतं, तिचं ते वाक्य खोडू नका.

जतचा मामा
सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुमच्या वेळी बोर्ड एकच होता की. आता परीक्षेचा फॉर्म एका साइटवर, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, क्रेडिट म्हणजे विषयांचे श्रेयांक जमा होणार एबीसी आयडीच्या खात्यावर, तो आयडी काढायचा डिजीलॉकरमधनं, ऑनलाइन कोर्स स्वयम ह्या सरकारी साइटवर, कॉलेजच्या सूचना व्हॉट्सॲपवर आणि प्रॅक्टिकलच्या तारखा सर तोंडी सांगणार. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. रोज वाचायचं म्हटलं तरी कुठं कुठं वाचायचं? जतहून सांगली ८०-९० किलोमीटर पडतं, एक कागद राहिला की एक दिवस मोडतो.

आष्ट्याची लेक
मी एमएस्सी करतीय. दोघांचंही ऐकलं पण मला वाटतं तुम्ही चुकीच्या नोटिशीवर भांडताय. परीक्षेचा फॉर्म चुकला तर निदान लेट फी भरून भरता येतो, पण संधीच्या नोटिशीला लेट फी नसते, ती गेली की गेली.

स्वयमचं घ्या. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानं कॉलेजनं मान्य केलं तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरनं घेता येतात. वर्षात दोन सत्रं, जानेवारी आणि जुलै. कोर्स शिकायला फुकट, पण परीक्षेचा फॉर्म वेगळा, फी वेगळी आणि पेपर सेंटरवर जाऊनच द्यायचा. बीएस्सीला असताना हे मला कुणीच सांगितलं नाही, मैत्रिणीच्या भावाकडनं कळलं तोवर नोंदणी बंद. ओपन इलेक्टिव्हचं, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या आवडीच्या विषयाचंही तेच, मला भूगोलातला विषय हवा होता, निवडायची मुदत दोन दिवसांची, शेवटी जागा जिथं उरली होती तिथं बसवलं. ह्याला मी आळशी होते म्हणायचं का? जे आहे हेच माहीत नाही ते माणूस शोधणार कसं, सर?

कराडकर सर
हा मुद्दा मान्य. स्वयमबद्दल आम्ही शिक्षकांनी वर्गात सांगायला पाहिजे आणि बरेच जण सांगत नाहीत, मी पण मागच्या वर्षी सांगितलं नव्हतं. फॉर्मच्या तारखेबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

वाईची आई
शिष्यवृत्तीचा अनुभव सांगते. मुलाचा महाडीबीटीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनवरनं परत पाठवला होता, उत्पन्नाचा दाखला नीट दिसत नाही म्हणून. मेसेज गेला जुन्या नंबरवर. दुरुस्तीची मुदत गेली आणि वर्षाची फी अंगावर आली. नंबर बदलला नाही ही आमची चूक, ती मी कबूल करते. पण मुलगा रोज त्या ऑफिसच्या दारातनं जात होता, कुणी एक हाक मारली असती तर?

आम्ही साताऱ्याची माणसं. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ ला काल्यात रयत काढली, १९२४ ला साताऱ्यात आणली, आणि पोरं यावीत म्हणून वाट बघत बसले नाहीत, स्वतः गावोगाव फिरून मुलं गोळा केली. त्यांच्या जिल्ह्यात मुलाला हाक मारणं जड का जावं?

जुना हेडक्लार्क
ताई, भाऊरावांचं नाव काढलंत म्हणून बोलतो. त्याच रयतचं ब्रीद आहे, स्वावलंबी शिक्षण. कमवा आणि शिकामधली पोरं पहाटे शेतात राबून मग वर्गात बसायची. अण्णांनी मुलाला दारातनं आणलं खरं, पण आणल्यावर त्याचं काम त्यालाच करायला लावलं. मी तेच म्हणतोय.

वाईची आई
काम करायला माझा मुलगा कधी नाही म्हणाला नाही हो. काम राहिलंय एवढं कळायला हवं होतं.

जुना हेडक्लार्क
ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत ऑफिस चुकलं, हे मी मान्य करतो. परत पाठवलेल्या अर्जांची यादी लॉगिनला दिसते, ती छापून बाहेर लावायला दहा मिनिटं लागतात. आणि मामा, रिपीटर आणि नवीन पॅटर्नचे दोन वेगळे कागद काढणं कुठल्याही ऑफिसला जमतं, ते न करणं चूकच. माझ्या ओळखीच्या दोन क्लार्कना मी हे सांगतो. पण लेट फी राहिली पाहिजे, त्यात मी बदलणार नाही.

जतचा मामा
दोन कागद वेगळे निघाले तर माझं अर्धं भांडण मिटलं. लेट फीवर आपलं जमणार नाही, राहू दे.

आष्ट्याची लेक
मामा, भाचीला सांगा, जानेवारी सत्राच्या स्वयमची यादी आत्ताच बघून ठेव आणि कुठला कोर्स चालतो ते विभागप्रमुखांना लेखी विचार. आणि एबीसी आयडी काढताना आधारवरचं नाव आणि मार्कलिस्टवरचं नाव एकच आहे का ते आधी तपासायला लावा, माझ्या तीन मैत्रिणींचं तिथंच अडकलं होतं.

जतचा मामा
आत्ताच फोन केला तिला. आधारवर वडलांच्या नावात एक अक्षर जास्त आहे म्हणती. उद्या सकाळीच ती दुरुस्तीला आधार केंद्रात जातीय.