टोपण लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं?

वॉर्डइनचार्ज
मेडिसिन वॉर्डची इनचार्ज आहे. पोस्टर लावून झालं, ट्रेनिंग झालं, हजेरीच्या सह्याही झाल्या. तरी सकाळी ट्रे बघते तर वापरलेल्या सिरिंजना टोपणं लावलेली. विचारलं तर मुली म्हणतात, "सिस्टर, वापरलेल्या सुया टाकायचा डबा सिंकजवळ आहे. उघडी सुई घेऊन सहा बेड ओलांडू का?" त्यात परवा मावशींना कचऱ्याची पिशवी बांधताना सुई टोचली. कुठल्या पेशंटची, पत्ता नाही. त्या तर सांगायलाच तयार नव्हत्या, बोलणी बसतील म्हणून. आता मुलींना मेमो द्यायचा का?

जुना_कंपाउंडर
आम्ही आयुष्यभर टोपण लावून सुया टाकल्या, काही झालं नाही. उगाच बाऊ करतात.

आयसीएन_ताई
काका, तुमचा अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे हिपॅटायटिस बीविरुद्ध रक्तात किती संरक्षण आहे ते, कधी बघितलाय का? नसेल तर आधी तो करून घ्या, मग बाऊबद्दल बोलू.

इनचार्ज सिस्टर, मेमो नका देऊ. मुली बरोबर बोलतायत. मी इन्फेक्शन कंट्रोल बघते. टोचल्याची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न असतो, डबा कुठे होता? इंजेक्शन देताना टोचणं वेगळं. पेशंट हलतो, कधी आपला नाइलाज असतो. पण पुष्कळदा सुईचं काम संपल्यावर टोचते. टोपण लावताना, ट्रे आवरताना, गच्च भरलेल्या डब्यात वरून दाबताना, नाहीतर पिशवीत. डबा सुईबरोबर बेडपर्यंत गेला पाहिजे. ट्रॉलीला क्लॅम्पने बसवून घ्या, तोंड वरून दिसेल एवढ्या उंचीवर. तीन चतुर्थांश भरला की बंद. "अजून चार मावतील" हे वाक्य वॉर्डात ऐकू येता कामा नये. सुईवर टोपण चढवायची वेळ आलीच तर ते ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हाताने सुईवर घ्यायचं, दुसरा हात पाठीमागे.

आता मावशी. त्यांची हिपॅटायटिस बीची लस झालीये का? सगळे एचआयव्हीला घाबरतात. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीचा, लस न घेतलेल्या माणसाला, ६ ते ३० टक्के. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस तग धरतो, म्हणजे पिशवीतली सुई जुनी असली तरी हसण्यावारी नेऊ नका. तीन डोस, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर. १० किंवा वर आला म्हणजे झालं. नर्सिंगच्या मुलींना लस मिळते, सफाईवाल्यांची यादी मात्र कुणाकडेच नसते. सापडलेली सुई लॅबला पाठवू नका, त्यातून काही कळत नाही आणि पाठवणाऱ्यालाच टोचते.

स्क्रब_टेक
ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं सांगतो. आमच्याकडे सर्जन आणि सिस्टर एकमेकांच्या हातात धारदार काही देत नाहीत. मध्ये किडनी ट्रे, देणारा "नीडल" म्हणतो, हात काढतो, मग घेणारा उचलतो. सुरुवातीला सर कुरकुरले, वेळ जातो म्हणाले. पोट शिवताना फॅशियाला, म्हणजे स्नायूंवरच्या चिवट पडद्याला, बोथट टोकाची सुई आणि दुहेरी ग्लोव्हज. आणि वॉर्डवाल्यांनो, बटरफ्लायची (पंखवाल्या, नळी जोडलेल्या सुईची) नळी धरून सुई डब्यात सोडू नका, ती उसळून हातावर येते.

सेफ्टी सुया (सरकतं झाकण असलेल्या) मागवा म्हणजे प्रश्न मिटला असंही कुणी सांगेल. अमेरिकेत २००० साली त्यासाठी कायदाच झाला. पण झाकण पुढे सरकवून क्लिक ऐकू आलं पाहिजे ना! आमच्या डब्यात निम्म्या तशाच उघड्या पडलेल्या असतात.

वॉर्डइनचार्ज
क्लॅम्प सांगितलेत. मावशींची लस झालेलीच नाही, आजच पाठवते. त्यांनी बोट पिळून रक्त काढलं आणि वर स्पिरिट ओतलं, ते बरोबर का?

आयसीएन_ताई
नाही. पिळायचं नाही, ब्लीच तर नाहीच. वाहतं पाणी, साबण, बस. आणि लगेच कॅज्युअल्टी. लस आणि हिपॅटायटिस बीची इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) लागेल का, एचआयव्हीची औषधं सुरू करायची का, ते डॉक्टर ठरवतील. औषधं सुरू करायची तर काही तासांत. ७२ तासांनंतर सहसा देत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा. रक्ताच्या तपासण्या आज आणि पुढे सांगतील त्या तारखांना. मावशींना बोलणी बसणार नाहीत हे तुम्ही स्वतः त्यांच्यासोबत जाऊन दाखवा, नाहीतर पुढची टोचलेली सुई तुम्हाला कधी कळणारच नाही.

आणखी एक. एचआयव्हीच्या औषधांचा पहिला डोस कॅज्युअल्टीतच ठेवून घ्या. स्टोअरची चावी रात्री कुणाकडे असते, ते आजच विचारून बघा.