जुन्या बाजारातली हिरवी फुलदाणी
कोल्हापूरच्या जुन्या बाजारात मिळालेली तुमची हिरव्या काचेची फुलदाणी कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यातली असेल, असा अंदाज इथे आलाय. कोल्हापूरहून कऱ्हाड जवळ आहे एवढ्यावरून ते ठरवू नका. त्या कारखान्याचं नाव झालं ते प्रभाकर कंदिलामुळे. आधी ती उलटी करा. तळाच्या मधोमध खडबडीत तुटल्याची खूण किंवा घासून गुळगुळीत केलेला खळगा दिसला तर ती बहुधा फुंकून केलेली. अंगावर उभी बारीक रेघ काठापर्यंत गेली असेल तर साच्यातली. मग अंधारात ३६५ नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील प्रकाशाची) बॅटरी मारा. झगझगीत हिरवी उजळली तर युरेनियम मिसळलेली काच. फिकट हिरवट चमक मँगनीजमुळेही येते, तिथेच फसायला होतं. तळाचे ओरखडे भिंगातून बघा: वापराचे आडवेतिडवे असतात, जुनी भासवायला मारलेल्या सँडपेपरचे बहुतेक एकाच दिशेचे.