आठवड्याला तूस बदला, वास आला की चुना मारा: हे कुणी शिकवलं?

उत्तर सोलापूर शेड
काल इथे चुनावाल्याने ठोकून दिलंय: कोंबड्यांच्या शेडातली गादी (जमिनीवर अंथरलेला तुसाचा थर) दर आठवड्याला पूर्ण काढा, वास आला की चुना मारा, पक्ष्यांना रात्री बसायला दांड्या लावणं म्हणजे नुसती हौस. तिन्ही चूक.

आठवड्यात काढलेली गादी कामाला लागायच्या आधीच उकिरड्यावर जाते. विष्ठा कुजवणारे जिवाणू थरात रुळायला काही आठवडे लागतात. पिलांना २-३ इंच, मोठ्या पक्ष्यांना ४-६ इंच थर द्या आणि दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने खालवर करा. मूठभर घेऊन दाबा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, बनून फुटला तर ठीक, नुसती धूळ गळाली तर पक्षी शिंकणार. बिघडते ती पाण्याच्या भांड्याखालची गादी. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला घ्या आणि ओला भाग तेवढाच उचला. बॅच गेली की मग सगळं काढा.

बार्शी रोड
वा मालक! तूस आणायचं कुठून? सोलापुरात भात पिकतो काय? बगॅस (उसाची चिपाडं) कारखान्याच्या बॉयलरात जातं, कडबा जनावरांना पुरत नाही. शेंगांची टरफलं घालतो म्हटलं की तुमच्यासारखे नाक मुरडणार.

उत्तर सोलापूर शेड
टरफलांना कोण नाही म्हणतंय? वाळवून घाला. कुबट वास किंवा काळी-हिरवी बुरशी असेल तर पिलांच्या शेडात नकोच, फुप्फुसात जाते. टरफलं ओल कमी ओढतात, म्हणून निम्मा लाकडाचा भुसा मिसळा. पिलं भुसा खातात, पहिले तीन-चार दिवस वर कागद अंथरा. आणि कडबा न चिरता लांबच्या लांब टाकला तर चटई धरतो, खाली ओल तशीच.

चुनावाला
चुन्यावर बोला की. सगळा जिल्हा मारतो, सगळे येडे?

उत्तर सोलापूर शेड
सगळा जिल्हा मारतो म्हणून विष्ठेचं रसायन बदलतं होय? चुन्याने सामू (pH) वाढतो, आणि सामू वाढला की अडकलेला अमोनिया वायू होऊन वर येतो. म्हणजे वास घालवायला मारता आणि वासच काढता. खाली बसून पक्ष्याच्या उंचीला हुंगा, उभ्याने कळत नाही. डोळे झोंबले तर आधी पडदे उघडा, ओला भाग काढा. काही टाकायचंच असेल तर सुपर फॉस्फेट खत; ते आम्लधर्मी, अमोनिया धरून ठेवतं.

चुनावाला
रिकाम्या शेडलाही नको म्हणा मग!

उत्तर सोलापूर शेड
रिकाम्या शेडला हवाच. शेड धुऊन वाळली की जमिनीवर विरलेला (पाण्यात विझवलेला) चुना, वर नवी गादी. पक्षी आत असताना भाजका चुना टाकला तर पाय भाजतील. तुमच्या पोस्टीत हा फरक कुठे होता?

चुनावाला
बरं बाबा, तुम्ही शास्त्रज्ञ. भरल्या शेडला नाही मारत. खूश?

पंढरपूर गावरान
तुमची चुना-भांडणं संपली असतील तर दांडीकडे या. ब्रॉयलरला नको, मान्य. पण गावरानला दांडी नाही तर ती अंड्याच्या पेटीत झोपते आणि सकाळी अंडी बरबटलेली. पेटी दांडीपेक्षा खालीच हवी, कारण पक्षी सगळ्यात उंच जागा धरतो. पक्ष्यामागे ८-१० इंच, दीड-दोन इंच जाड लाकूड, कडा गोल केलेल्या. लोखंडी पाइप नको, घसरतो आणि उन्हाळ्यात तापतो. बाभळीची फांदी असेल तर साल काढा, सालीखाली लाल माइट (रक्त पिणारा बारीक जीव) लपते. रात्री दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवा, लाल डाग पडले तर समजा ती आहे.

बार्शी रोड
उंची किती?

पंढरपूर गावरान
गावरानला ३-४ फूट. गिरिराज, वनराज या सुधारित जाती जड, त्यांना दीड-दोन फूट पुरे; उंचावरून कडक जमिनीवर उड्या मारून तळपाय सुजतात. एकाखाली एक नाही, शिडीसारख्या तिरक्या लावा, नाहीतर वरच्याची विष्ठा खालच्याच्या पाठीवर. दिवा झटकन बंद करू नका, अंधारात त्यांना दिसत नाही, अर्धे खालीच बसतात. दांडीखाली फळी टाका. रात्रीची विष्ठा रोज सकाळी खरवडली की गादी निम्मी वाचते.

उत्तर सोलापूर शेड
फळीचं मी लिहायला हवं होतं, तेवढं तुमचं. एप्रिल-मेमध्ये मात्र थर २ इंचांवर आणा, खोल गादी गरम होते आणि इथं उन्हाला भर घालायची गरज नाही.