भाऊबीजेच्या जेवणाच्या टेबलावर मधोमध काय मांडावं? बजेट २०० रुपये

पार्लेकर: भाऊबीजेला सहाजण जेवायला आहेत. टेबल ४ फूट × २.५ फूट. मध्ये परातीत पाणी, झेंडूची फुलं आणि तरंगत्या मेणबत्त्या ठेवायचं ठरतंय. वर फॅन आहे, आणि उकाड्यात तो बंद ठेवणं अवघड. परात १४ इंची आहे. चालेल का? दुसरं काही स्वस्तात सुचवाल का?

दादरकर_ताई: परात नको. आधी मापं बघा. टेबलाची रुंदी ७६ सेंमी, समोरासमोरची दोन ताटं मिळून जवळजवळ ६०. मधे उरतात १६ सेंमी, आणि तुमची परात ३५ सेंमीची! मांडणी लांबट आणि अरुंदच हवी.

केळीच्या पानाची १४ सेंमी रुंद, ६० सेंमी लांब पट्टी कापा. टोकाला बसणाऱ्यांच्या ताटांनाही जागा उरते. मधला दांडा काढून टाका, नाहीतर पान सपाट बसत नाही. मंद आचेवरून झरझर फिरवून घ्या; रंग गडद आणि चकचकीत झाला की पान मऊ पडलं. न शेकलेलं पान फॅनच्या वाऱ्याने शिरांवर फाटतं. खाली जाड प्लॅस्टिक घाला, कारण केळीचा चीक टेबलक्लॉथवर लागला तर डाग सहसा निघत नाही.

त्यावर दिव्यांसाठी तीन काचेचे ग्लास ओळीत ठेवा आणि मधल्या जागेत झेंडू. पाव किलोत मध्यम आकाराची ३५-४० फुलं येतात, तेवढी पुरतात. फुलं कोरडीच ठेवा. पाण्यात झेंडूचा हिरवा देठ आधी कुजतो आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो, तो जेवणाच्या टेबलावर नकोच. दादर पश्चिमेच्या फुलबाजारातून आदल्या संध्याकाळी आणली तर धुऊ नका. कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. पाकळ्यांत पाणी राहिलं की त्या काळ्या पडतात. फुलांचा ढीग ग्लासच्या काठाखालीच ठेवा, म्हणजे ती ज्योतीपासून लांब राहतात आणि समोरचा माणूसही दिसतो.

वात_आणि_तेल: मेणबत्तीऐवजी ग्लासात पाणी-तेलाचा दिवा करा, घरातल्याच सामानात होतो. ग्लास साधारण १० सेंमी उंच, ६-७ सेंमी तोंडाचा. कटिंगचे ग्लास नकोत: अरुंद असतात, वात कडेला सरकली की काच एकाच जागी तापून तडकू शकते.

५ सेंमी पाणी, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळू ओतलेलं दोन मोठे चमचे तेल. तेल हलकं, वरच राहतं. साधारण १ सेंमीचा थर होतो. श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून ३ सेंमीची चकती कापा, वरून ॲल्युमिनियम फॉइल लावा, मधोमध जाड सुईने भोक पाडा. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक घेऊ नका, ते पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतं.

काडेपेटीच्या काडीइतकी जाड वात आधी तेलात भिजवून मगच भोकात ओवा आणि चकती तेलावर ठेवा. वर ५ मिमी, खाली ५ मिमी. वर जास्त ठेवली की काजळी धरते. खाली जास्त सोडली की टोक पाण्यात जातं आणि वात तडतडून विझते. बहुतेक वेळा दिवा बिघडतो तो इथेच. तेल संपलं की पाणी वातीपर्यंत येतं आणि दिवा आपोआप विझतो. पेटते दिवे सोडून मात्र उठून जाऊ नका.

पार्लेकर: फॅनचं काय?

वात_आणि_तेल: १ किंवा २ वर. सीलिंग फॅनचा वारा वरून खाली येतो, त्यामुळे ग्लासच्या भिंतींचा आडोसा अर्धवटच मिळतो. ज्योत फारच हलली तर पाणी १ सेंमी कमी करा, ती खोल जाते.

दादरकर_ताई: आणि वाढायच्या भांड्यांना बाजूला स्टूल ठेवा. मधे आता जागा उरलेली नाही.