जनरेटर लावला म्हणून लिटरला शंभर मिळत नाहीत

सारथी_सातारा
काल इथे एकाने लिहिलं: "दोन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन घ्या, जनरेटर जोडा, चाकांना मोटर लावा, लिटरला शंभर किलोमीटर मिळालेच. कंपन्या मुद्दाम करत नाहीत." वाचून राहवलं नाही.

फोक्सवॅगनने असली गाडी खरंच विकली. एक्सएल१. 800 सीसी, दोन सिलिंडर डिझेल, सोबत 27 अश्वशक्तीची मोटर. 100 किमीला 0.9 लिटर. पण ते आलं कुठून? वजन फक्त 795 किलो, बॉडी कार्बन फायबरची, मागची चाकं झाकलेली, आरशांच्या जागी कॅमेरे. शंभरच्या वेगाला जेमतेम साडेआठ अश्वशक्ती पुरायची. अ‍ॅव्हरेज दिलं ते वजनाने आणि हवेने. आणि इंजिनची ताकद जायची 7 गिअरच्या गिअरबॉक्समधून सरळ चाकांना! वर 0.9 हा आकडा आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडी काढल्यावरचा. अशा 250 गाड्या बनवल्या आणि किंमत लाखभर युरोच्या वर गेली. मुद्दाम कोण कशाला थांबवेल?

डिझेलभक्त
तो एक म्हणजे मीच. रेल्वेचं डिझेल इंजिन पाहिलंय का कधी? आत जनरेटर, खाली मोटरी. इतकी वर्षं रेल्वेवाले काय वेडे होते?

शेड_घोरपडी
एकतीस वर्षं लोको शेडमध्ये काढलीत, म्हणून बोलतो. डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेच्या जुन्या डिझेल इंजिनाची ताकद 2600 अश्वशक्ती. एवढी ताकद क्लच-गिअरमधून देऊन भरलेली मालगाडी जागची हलवायला गेलात तर क्लच जळेल. म्हणून मध्ये वीज घातली, डिझेल वाचवायला नाही. बॅटरी होती ती इंजिन चालू करण्यापुरती. डायनॅमिक ब्रेक लावला की तयार झालेली वीज रेझिस्टरच्या जाळीत तापून हवेत जायची. याला हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्हींवर चालणारी गाडी, म्हणू नका.

रूळप्रेमी_मनमाड
ही अल्को (डब्ल्यूडीएम-२ सारखी जुन्या अमेरिकन डिझाइनची इंजिनं) गेली ते बरं झालं. धूर बघा नुसता. ईएमडीची नवी इंजिनं आल्यावर कुठे श्वास घेता आला.

शेड_घोरपडी
अल्कोला नावं ठेवायची नाहीत. रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात पॉवर असेंब्ली (सिलिंडर-पिस्टनचा संच) बदलून सकाळी गाडी लाईनवर सोडलीय आम्ही. काळा धूर टर्बो (इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा) पूर्ण फिरेपर्यंतचा. अर्धी माहिती घेऊन बोलू नका.

रूळप्रेमी_मनमाड
काका, मी प्लॅटफॉर्मवर तो धूर खाल्लाय. माहिती कसली अर्धी?

सारथी_सातारा
अहो, विषय गाडीचा होता!

मीनल_कोथरूड
माझा अनुभव ऐका. डिझेल गाडी घेतली, वापर काय तर शाळा, भाजी, ऑफिस. चार किलोमीटर जायचं, बंद करायची. सव्वा वर्षात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला. वर्कशॉपवाला म्हणाला, "मॅडम, आठवड्यातून एकदा हायवेला काढा, सायलेन्सर तापू द्या." म्हणजे काजळी जाळायला मी उगाच खेड शिवापूरपर्यंत जाऊन यायचं! हायब्रिडमध्ये तर इंजिन सारखं बंदच होणार. मग ते तापणार कधी? वाचवलेलं डिझेल त्यातच जाणार.

डिझेलभक्त
वापर चुकीचा केलात, दोष डिझेलला? मारुतीने 2015 मध्ये सेलेरिओत 793 सीसीचं दोन सिलिंडर डिझेल दिलं. कंपनीचा आकडा लिटरला 27.62 किलोमीटर, तोही मोटर-बिटर काही नसताना. माझ्या मेव्हण्याकडे होती. सिग्नलला गिअरचा दांडा हातात थरथरायचा, पण पुणे-कोल्हापूर हमखास 25 द्यायची.

मीनल_कोथरूड
पुणे-कोल्हापूर हायवे आहे. मी तेच तर सांगतेय.

सारथी_सातारा
आणि जनरेटरचं गणित करा. जनरेटर, बॅटरी, मोटर, प्रत्येक ठिकाणी दहा टक्के गेले धरा. चाकाला उरतात 73. गिअरमधून गेलात तर नव्वदच्या वर.

डिझेलभक्त
गावात थांबत-थांबत चालताना ब्रेकची वीज परत मिळते, ते धरा की.

सारथी_सातारा
धरलं. तेवढा मुद्दा तुमचा. पण ती वीज गिअरबॉक्सला लावलेली छोटी मोटरही परत घेते. त्यासाठी सगळी ताकद जनरेटरमधून फिरवायची गरज नाही.

डिझेलभक्त
बरं, जनरेटर सोडला. इंजिन गिअरबॉक्सला, मोटर मागच्या चाकांना. पण मी बनवेन त्या गाडीचं वजन 600 किलोच्या आत आणणारच.

शेड_घोरपडी
बॅटरी धरून की सोडून?

डिझेलभक्त
...धरून.

शेड_घोरपडी
मग बॉडी बसवायच्या आधी सांगाडा, इंजिन आणि बॅटरी वजनकाट्यावर चढव. पावतीचा फोटो इथे टाक, पुढचं बोलू.